रेल्वे कामगारांचे आजार आणि न्यायाची मुदत

रेल्वेचा मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी सर्व वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे येतात. मृतांची संख्या, चौकशी समिती, नुकसानभरपाईची घोषणा हे सारे ठरलेल्या क्रमाने होते. परंतु रेल्वेच्या कारखान्यात वीस-तीस वर्षे राबलेला मनुष्य निवृत्तीनंतर आपल्या घरी धाप लागून किंवा कर्करोगाने मरण पावतो, तेव्हा त्याची बातमी होत नाही. त्याच्या मृत्यूचा आणि त्याच्या कामाचा काही संबंध असेल, अशी शंकाही पुष्कळदा घरच्यांना येत नाही. अशा कामगाराला व त्याच्या कुटुंबाला कायदा काय देतो, हा आजच्या लेखाचा विषय आहे. त्यासाठी आम्ही अमेरिकेकडे पाहत आहोत. कारण तेथे रेल्वे कामगारांसाठी स्वतंत्र कायदा शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे आणि विषारी द्रव्यांमुळे होणाऱ्या आजारांविषयी तेथील सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा निकाल दिले आहेत.

एका मेकॅनिकचा दावा

त्या निकालांपैकी एक महत्त्वाचा निकाल २७ जून २०२३ रोजी लागला. 'मॅलोरी विरुद्ध नॉरफोक सदर्न' या नावाने तो ओळखला जातो. मालगाडीच्या डब्यांची दुरुस्ती करणारा हा मेकॅनिक सुमारे वीस वर्षे कंपनीच्या नोकरीत होता. आधी ओहायो राज्यात व पुढे व्हर्जिनियात. ओहायोत आपण डब्यांच्या पाईपांवर ॲस्बेस्टॉस फवारत होतो व रंगशाळेत रसायने हाताळत होतो, व्हर्जिनियात डब्यांचा आतला भाग तोडताना कर्करोगकारक द्रव्यांशी आपला संबंध आला, असे त्याचे म्हणणे होते. नोकरी सोडल्यानंतर त्याला कर्करोग असल्याचे निदान झाले. त्याने फिलाडेल्फियात दावा दाखल केला.

सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला हा वाद 'कर्करोग कशामुळे झाला' याविषयीचा नव्हताच. पेनसिल्वेनिया राज्यातील न्यायालयाला हा दावा ऐकण्याचा अधिकार आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. पाच विरुद्ध चार मतांनी तो कामगाराच्या बाजूने सुटला. आजारी माणसाला मूळ प्रश्नाच्या उंबरठ्यावर पोहोचण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागते, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. हक्क कागदावर असणे आणि तो हाती येणे यांत किती अंतर असते, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम मूळ कायदा पाहिला पाहिजे.

१९०८ चा कायदा

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन रेल्वेत काम करणे हे युद्धावर जाण्याइतके धोक्याचे होते. हे आमचे शब्द नव्हेत. १८८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी काँग्रेसला पाठविलेल्या संदेशात रेल्वे कामगाराच्या जीविताची तुलना युद्धातील सैनिकाशी केली होती. डबे हाताने जोडताना बोटे व हात तुटत असत. न्यायालयात गेल्यास मालकाकडे तीन ढाली तयार असत. पहिली, धोका ठाऊक असूनही कामगाराने काम पत्करले, म्हणजे तो त्याने आपण होऊन ओढवून घेतला. दुसरी, इजा सहकाऱ्याच्या चुकीमुळे झाली, तेव्हा मालक जबाबदार नाही. १८४२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने रेल्वेच्याच एका खटल्यात हे तत्त्व मान्य केले होते. तिसरी, कामगाराचा स्वतःचा किंचितही दोष असेल तर त्याला काहीच मिळणार नाही.

१९०६ मध्ये काँग्रेसने केलेला पहिला कायदा सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. २२ एप्रिल १९०८ रोजी थिओडोर रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत सुधारित कायदा अस्तित्वात आला आणि १९१२ मध्ये न्यायालयाने तो वैध ठरविला. 'फेडरल एम्प्लॉयर्स लायबिलिटी ॲक्ट' हे त्याचे नाव. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'फेला' म्हणतात. १९३९ मध्ये त्यात मोठ्या सुधारणा झाल्या: धोका पत्करल्याचा बचाव पूर्णतः रद्द झाला आणि दाव्याची मुदत दोन वर्षांवरून तीन वर्षे करण्यात आली. कामगार मरण पावल्यास त्याची पत्नी अथवा पती व मुले, ती नसल्यास आईवडील आणि त्यानंतर त्याच्यावर अवलंबून असलेले निकटचे नातलग यांच्यासाठी दावा करता येतो.

या कायद्याचा स्वभाव नीट ध्यानात घेतला पाहिजे. अमेरिकेतील इतर बहुतेक कामगारांना राज्यांच्या नुकसानभरपाई योजना लागू आहेत. तेथे मालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही, पण मिळणारी रक्कम ठरावीक असते. आंतरराज्य रेल्वेचा कामगार त्या योजनांच्या बाहेर आहे. त्याला मालकाची हयगय सिद्ध करावी लागते. ती सिद्ध झाली तर भरपाईला ठरावीक मर्यादा नाही. ज्युरी वेदना, गमावलेले वेतन व उपचारांचा खर्च या सर्वांचा विचार करते. ती सिद्ध झाली नाही तर हाती काहीच लागत नाही.

श्वासाबरोबर आत जाणारे विष

अपघात डोळ्यांना दिसतो. विष दिसत नाही. वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरभोवती उष्णता टिकविण्यासाठी ॲस्बेस्टॉसचे थर असत; दुरुस्तीच्या वेळी ते फोडले की त्याचे सूक्ष्म तंतू हवेत पसरत. ब्रेकच्या भागांतही ॲस्बेस्टॉस असे. चाके घसरू नयेत म्हणून इंजिनातून रुळांवर वाळू सोडतात. त्या वाळूतील सिलिकाची धूळ फुप्फुसांत साचते. मार्गावरील खडीच्या धुळीतही सिलिका असते. लाकडी स्लीपर कुजू नयेत म्हणून त्यांना क्रिओसोट नावाचे डांबरजन्य तेल पाजतात. कार्यशाळांत ग्रीस काढण्यासाठी तीव्र द्रावके वापरली जातात.

शिवाय डिझेलचा धूर आहे. १९५९ ते १९९६ या काळातील ५४,९७३ अमेरिकन रेल्वे कामगारांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. डिझेलच्या धुराशी संबंध येणाऱ्या कामांतील कामगारांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला 'कर्करोगकारक' या पहिल्या गटात टाकले ते २०१२ मध्ये. तोपर्यंत डिझेल इंजिनांवर संपूर्ण हयात घालवून कामगारांची एक पिढी निवृत्त झाली होती.

या आजारांचे खरे लक्षण म्हणजे त्यांचा विलंब. २०१२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या एका खटल्यातील कामगाराने १९४७ ते १९७४ या काळात रेल्वेत वेल्डर व मशिनिस्ट म्हणून काम केले होते. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा 'मेसोथेलिओमा' हा कर्करोग त्याला झाल्याचे समजले ते २००५ मध्ये, म्हणजे ते काम सुटल्यानंतर एकतीस वर्षांनी. त्याने इंजिनाचे भाग बनविणाऱ्या व विकणाऱ्या कंपन्यांवर राज्याच्या कायद्याखाली दावा केला होता. इंजिनांविषयी केंद्रीय कायदा असल्याने राज्याच्या कायद्याला तेथे वाव नाही, असे न्यायालयाने ठरविले. ते दार बंद झाल्यामुळे 'फेला'चे महत्त्व आणखी वाढले आहे.

मुदत कधी सुरू होते?

आता प्रश्न असा की, रोग तीस वर्षांनी उघड होत असेल तर तीन वर्षांची मुदत कोणत्या दिवसापासून मोजावयाची? १९४९ चा 'युरी विरुद्ध थॉम्पसन' हा निकाल येथे आधारभूत आहे. मिसुरी पॅसिफिक रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांवर सुमारे तीस वर्षे फायरमन असलेला एक कामगार १९४० मध्ये इतका आजारी पडला की त्याला काम सोडावे लागले. निदान झाले, सिलिकोसिस. त्याने १९४१ मध्ये दावा केला. कंपनीने दोन मुद्दे मांडले: कायदा अपघातासाठी आहे, रोगासाठी नाही, आणि धूळ तर तो कित्येक वर्षे श्वासातून घेत होता, म्हणून मुदत केव्हाच उलटून गेली.

न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. कामामुळे जडणारा रोग ही कायद्याच्या अर्थाने इजाच आहे, असे ठरले. मुदतीविषयी न्यायालयाची भूमिका अशी होती की, शरीरात हळूहळू साचणाऱ्या रोगाला अमुक एक दिवस दाखविता येत नाही. जी गोष्ट कामगाराला ठाऊक नव्हती व ठाऊक असणे शक्यही नव्हते, त्या निर्दोष अज्ञानाची शिक्षा त्याला देणे काँग्रेसच्या दयाळू हेतूशी विसंगत ठरेल. सबब साचलेल्या धुळीचा परिणाम प्रकट होईल तेव्हा मुदत सुरू होईल.

आमच्या मते या सर्व कायद्याचा नैतिक गाभा येथे आहे. कंपनीला आपण कोणती द्रव्ये वापरतो हे ठाऊक असते, निदान असावयास हवे. कामगाराला ते ठाऊक नसते. दोघांतील अज्ञ कोण आणि जाणता कोण हे एकदा ओळखले की काळाचा भार कोणी वाहावा, हेही स्पष्ट होते.

मात्र या सवलतीला दुसरी बाजू आहे. पुढील निकालांत न्यायालयांनी असे धरले की, आपल्याला आजार आहे व त्याचे कारण काम असावे, हे कामगाराला कळले किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर कळले असते, तेथून तीन वर्षे मोजावीत. डॉक्टरने 'तुम्ही धुळीत काम करीत होता काय?' असे विचारले आणि रुग्णाने ते मनावर घेतले नाही, तर त्या भेटीपासूनच मुदत सुरू झाली असे न्यायालय म्हणू शकते. अज्ञानाला संरक्षण आहे, दुर्लक्षाला नाही.

अलीकडचे उदाहरण पाहा. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ओहायोतील ईस्ट पॅलेस्टाईन येथे मालगाडीचे ३८ डबे घसरले आणि तीन दिवसांनी पाच टाक्यांतील व्हिनिल क्लोराईड हे कर्करोगकारक रसायन मुद्दाम जाळण्यात आले. तेथे मार्ग मोकळा करणाऱ्या कामगारांना डोकेदुखी व मळमळ होत असून योग्य सुरक्षासाधने दिली गेली नाहीत, अशी तक्रार त्यांच्या युनियनने केली. कंपनीने योग्य साधने वापरली गेल्याचे म्हटले. त्यावेळी ज्यांना त्रास झाला व त्याचे कारण ठाऊक होते, त्यांची तीन वर्षे फेब्रुवारी २०२६ च्या सुमारास भरली. त्या दिवसांचा परिणाम वीस वर्षांनी कोणाच्या शरीरात दिसला, तर त्याला त्या तारखा, ती जागा आणि ते रसायन आठवून सिद्ध करावे लागेल.

दोष कोणाचा आणि किती?

हयगय सिद्ध करणे अवघड असले, तरी ती आजाराला कितपत कारणीभूत झाली हे दाखविण्याच्या बाबतीत न्यायालयाने कामगाराला मोठा आधार दिला आहे. मालकाच्या हयगयीचा अल्पसा जरी वाटा असेल तरी तो पुरेसा आहे, असे १९५७ मध्ये 'रॉजर्स' खटल्यात ठरले आणि २०११ मध्ये 'मॅकब्राइड' खटल्यात तेच तत्त्व पुन्हा मान्य झाले. कामगाराचा स्वतःचा दोष असल्यास दावा बुडत नाही. त्याच्या दोषाच्या प्रमाणात रक्कम कमी होते.

२००३ च्या 'नॉरफोक अँड वेस्टर्न विरुद्ध आयर्स' या खटल्यात हे स्पष्टपणे दिसते. ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसे निकामी होत चाललेल्या सहा निवृत्त कामगारांपैकी तिघांची रक्कम धूम्रपानामुळे कमी करण्यात आली, पण ते रिकाम्या हाताने परतले नाहीत. अन्य ठिकाणच्या ॲस्बेस्टॉसचाही वाटा होता म्हणून आमची जबाबदारी वाटून टाका, ही कंपनीची मागणी मान्य झाली नाही. शिवाय, ज्याला हा आजार झाला आहे त्याला पुढे कर्करोग होण्याची वाटणारी खरी व गंभीर भीती हीदेखील वेदनेचाच भाग आहे, असे न्यायालयाने मान्य केले.

येथे सीमारेषा फार कठोर आहे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाखालील बोगद्यांत १९८५ ते १९८८ या काळात एक पाईपफिटर रोज सुमारे तासभर ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम करीत होता. अंगभर पांढरी धूळ बसल्यामुळे तेथील कामगारांना लोक हिमपुरुष म्हणत. धोक्याची माहिती मिळाल्यावर त्याला भीतीने ग्रासले. परंतु त्याला कोणतेही लक्षण नव्हते. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, रोग नसताना केवळ भीतीबद्दल भरपाई नाही आणि भविष्यातील तपासण्यांसाठी एकरकमी पैसेही नाहीत. असे दावे असंख्य होतील व खरोखर आजारी असलेल्यांसाठी पैसा उरणार नाही, ही न्यायालयाची चिंता समजण्यासारखी आहे. तरीही मनात प्रश्न उरतो. ज्याला दरवर्षी छातीची तपासणी करून घ्यावी लागते, त्याने तो खर्च कोणाच्या चुकीमुळे करावयाचा?

कोणत्या न्यायालयात?

आता पुन्हा सुरुवातीच्या खटल्याकडे येऊ. २०१७ मध्ये 'बीएनएसएफ विरुद्ध टायरेल' या खटल्यात, रसायनांमुळे मूत्रपिंडाचा कर्करोग होऊन पती दगावला असे म्हणणाऱ्या पत्नीने मोंटाना राज्यात दावा केला होता. पतीने तेथे काम केले नव्हते. कंपनीचे मोंटानात दोन हजार मैलांहून अधिक लोहमार्ग व दोन हजारांहून अधिक नोकर होते. तरीही कंपनी त्या राज्यात 'घरची' नाही, म्हणून तेथील न्यायालयाला अधिकार नाही, असे ठरले. २०२३ च्या खटल्यात कंपनीचे पेनसिल्वेनियात दोन हजार मैलांहून अधिक मार्ग होते आणि निकाल उलट लागला. कारण पेनसिल्वेनियाचा कायदा असा की, तेथे नोंदणी करणारी कंपनी तेथील न्यायालयांचा अधिकार मान्य करते. तथापि बहुमताबरोबर असलेले न्यायमूर्ती अलिटो यांनी घटनेतील आंतरराज्य व्यापाराच्या कलमाखाली शंका उपस्थित करून ठेवली आहे. म्हणजे हा प्रश्न संपूर्ण मिटलेला नाही.

कंपनीचे म्हणणे सर्वस्वी निराधार नाही. जेथे काम झाले नाही, जेथे साक्षीदार नाहीत, तेथे कंपनीला का खेचावे, हा प्रश्न योग्य आहे. परंतु अनेक राज्यांत रूळ टाकून व्यवसाय करणाऱ्या कंपनीला वकील पाठविणे सोपे असते. ऑक्सिजनच्या नळीवर असलेल्या माणसाला दुसऱ्या राज्यात जाणे सोपे नसते. दोघांची अडचण एकाच तराजूत तोलता येत नाही.

सही करण्यापूर्वी

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. किरकोळ दुखापतीची भरपाई देताना किंवा मुदतीपूर्वी निवृत्ती देताना 'यापुढे माझा कोणताही दावा नाही' असा कागद कामगाराकडून लिहून घेण्याची पद्धत आहे. जबाबदारी टाळण्यासाठी केलेला कोणताही करार रद्दबातल आहे, असे 'फेला' म्हणतो. १९९८ मध्ये फिलाडेल्फियातील केंद्रीय अपील न्यायालयाने याचा अर्थ असा लावला की, सही करताना जो धोका दोन्ही पक्षांना ठाऊक होता, तेवढ्यापुरताच तो कागद बंधनकारक. अज्ञात रोगाचा हक्क त्याने जात नाही. पण कागदात रोगांची व द्रव्यांची यादी छापलेली असेल तर वाद निर्माण होतो. न वाचता केलेली सही मुलाबाळांनाही महागात पडू शकते.

आपल्यासाठी बोध

अमेरिकेचा कायदा आपल्याकडे लागू नाही. परंतु आमच्या वाचकांतील कितीतरी कुटुंबांचा प्रपंच रेल्वेवर उभा राहिला आहे. परळ, माटुंगा व लोअर परळचे कारखाने, कल्याण व भुसावळची लोको शेड यांत आपल्या धर्मग्रामांतील माणसांनी हयात घालविली. आजाऱ्यांच्या घरी पवित्र कम्युनियन घेऊन जाताना अशा निवृत्तांशी आमची गाठ पडते. पेन्शनची कागदपत्रे त्यांनी जपून ठेवलेली असतात. आपण कोणत्या विभागात, कोणत्या धुळीत, किती वर्षे होतो, हे मात्र कोठेही लिहिलेले नसते.

भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मार्ग वेगळा घेतला होता: मालकाचा दोष सिद्ध करण्याची गरज नाही, व्यवसायजन्य रोगांची यादी परिशिष्टात दिलेली, तीत सिलिकोसिस व ॲस्बेस्टॉसिसही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असून रोगांची यादी तिच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे. त्याही आधी १९९५ मध्ये, अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सांगितले. ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपावी, असाही आदेश दिला. रोग जितका काळ दडून बसतो, तितका काळ नोंद जिवंत राहिली पाहिजे, हे त्यामागचे शहाणपण आहे.

१८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकातून कामगाराच्या हक्कांचा कैवार घेतला. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'लाबोरेम एक्झर्सेन्स'मध्ये, ज्या कामाच्या जागा व पद्धती आरोग्याला अपाय करीत नाहीत त्या मिळणे हा कामगाराचा हक्क आहे, असे सांगितले. २०२५ मध्ये शिकागोत जन्मलेल्या पोपमहोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेताना त्याच पहिल्या परिपत्रकाची आठवण दिली. ही शिकवण व्यासपीठापुरती राहू नये असे वाटत असेल तर आपल्याला एक साधे काम करता येईल. घरातील निवृत्त वडिलांजवळ, काकांजवळ बसावे. कोणत्या वर्षी कोणत्या शेडमध्ये होता, हातात कोणते काम होते, हवेत काय उडत असे, सोबत कोण होते, हे विचारून तारखांसह लिहून ठेवावे. डॉक्टरकडे जाताना तो कागद बरोबर न्यावा आणि डॉक्टरने कामाविषयी काही सांगितले तर त्याच दिवशी त्याची नोंद करावी.

अमेरिकेतील त्या फायरमनला न्याय मिळाला, कारण त्याची तीस वर्षे कोणीतरी न्यायालयासमोर क्रमाने मांडू शकले. आपल्या माणसांची वर्षे मांडण्याची वेळ कदाचित येणारही नाही. आलीच, तर त्या वेळी त्यांचा श्वास अपुरा पडत असेल आणि बोलणे आपल्यालाच करावे लागेल.